म्हसोबाचे तीर्थ आणि सुभाषचा नकार

श्रीकृपेने आज जे सात्त्विक दर्शन घडले, ते आपल्या सत्संग समूहात निवेदन करतो.

डोणगावच्या बबनरावांनी आज नातवाचे जावळ शेतातल्या म्हसोबाला अर्पण केले. तेथे मद्याचा नैवेद्य असतो आणि तेच तीर्थ म्हणून सर्वांना देतात. आमच्या जीपचा चालक सुभाष याने ते कपाळाला लावले, परंतु प्राशन केले नाही.

बबनराव संतापले. “काऊन बे, देवाचा मान मोडून राह्यला का? एका घोटानं काय होते?”

“मामा, देवाचा मान डोक्यावर. पण काय होते, ते हे लेकरू गाडीत असताना मले पाहाचं नाही.”

त्या स्वरात अवज्ञा नव्हती. माझे हात नकळत जोडले गेले.

“गुरुजी, देव कोपला त?” बबनरावांनी मला विचारले.

“ज्याने नातू दिला, तो त्याला सुखरूप घरी नेणाऱ्यावर कसा कोपेल?”

बबनराव सुभाषच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “चाल बापा, लेकराले घरी ने.”

चालकास आचमनाइतकेही मद्य वर्ज्यच असावे, असे मला वाटते. आपणांस काय वाटते? आपणा सर्वांच्या वाटा निर्विघ्न होवोत, आणि प्रत्येक वाटेवर असा सारथी लाभो.