शुक्रवारचं विधेयक

आदिलाबादच्या बाजारात माझं भाजीचं अडत दुकान आहे. डोक्यावर टोपलं घेऊन सुरुवात केली, आज सकाळचा लिलाव माझ्या ओट्यावर होतो. बोली कशी चढवायची आणि कुठे तोडायची, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी समजत होतो.

आमच्या समाजाचं नाव अनुसूचित जमातींच्या यादीत यावं, ही मागणी माझ्या वडिलांच्या वेळची. ते काम कलेक्टरच्या हातात नाही, हैदराबादच्याही नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. समाजाच्या सभांना मी पूर्वीही जायचो, पण जीव तोडून मागे लागलो तो भाचीसाठी. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडे वाढली. वनखात्याच्या भरतीसाठी उटनूरच्या रस्त्यावर रोज धावायची. दरवेळी थोडक्यात राहायची, आणि वयाची मर्यादा जवळ येत चालली होती. यादीत नाव आलं असतं तर वयात सवलत मिळून तिला आणखी काही वर्षं मिळाली असती. माझा स्वार्थ एवढाच.

खासदाराला मी स्पष्ट सांगितलं, "विधेयक मांडा, नाही तर प्रचाराला माझ्या ओट्यावर पाय ठेवू नका." त्यांनी ऐकलं. सरकारचं विधेयक मंत्री मांडतो; साध्या खासदारानं स्वतःच्या नावानं मांडलेलं ते खाजगी. त्याला शुक्रवारची दुपार दिलेली असते. त्या दुपारी निम्मे खासदार गावच्या वाटेला लागलेले असतात, हे मला लोकसभेच्या गॅलरीत बसल्यावर दिसलं. खाली हिरव्या गालिच्यावर रिकामी बाकंच बाकं.

माझ्याबरोबर समाजाचे एक म्हातारे पुढारी होते. दारात आमचे फोन घेतले, त्यांची तंबाखूची डबीही घेतली, म्हणून ते आधीच चिडलेले. आमचे खासदार उठले, एक वाक्य वाचलं. अध्यक्षांच्या आसनावरून विचारणा झाली, "जो पक्ष में हैं, वे हां कहें." चार-पाच जण 'हां' म्हणाले. विरोधात कुणाचा आवाज नाही. "अनुमति दी गई." खासदार खाली बसले आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं.

माझा कान बाजाराचा. विचारलं, आवाज आला, वर कुणी चढलं नाही, म्हणजे सौदा झाला. पुढाऱ्यांनी माझी मांडी दाबली.

"तुटली का बे बोली?"

"तुटली."

"बात नहीं करना," मागचा पहारेकरी म्हणाला.

बाहेर येऊन फोन हातात पडताच मी घरी कळवलं. आम्ही परत येईपर्यंत ओट्यावर डफडं वाजत होतं आणि पेढे वाटले जात होते. इंद्रवेल्लीकडून टमाटे आणणारा एक गोंड शेतकरी तिथंच उभा होता. गोंड आधीपासूनच त्या यादीत. पेढा न घेता म्हणाला, "शेठ, तुमी यादीत आले तं आमच्या पोराईच्या जागा कोणाले जातीन?"

"तू आधी माल उतरव," मी ओरडलो. त्यानं उतरवला नाही. शेजारच्या अडत्याकडे गेला तो अजून तिकडेच जातो.

भाचीनं तेवढ्या गोंगाटात एकच विचारलं, "मामा, राजपत्रात आलं काय?"

मी खासदारांच्या घरी गेलो. त्यांचा सचिव गालात हसला. "शेठजी, वो तो सिर्फ पेश हुआ है." मग त्यानं समजावलं. तो 'हां' फक्त विधेयक आणायच्या परवानगीचा. पुढं चर्चेसाठी सोडतीत नाव निघायला हवं. मग चर्चा, मग एकेका कलमावर मत. लोकसभेत पार पडलं तरी राज्यसभेत पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोन्हीकडून सुटलं की राष्ट्रपतींची सही. खाजगी विधेयक असं शेवटपर्यंत गेल्याला कित्येक दशकं झाली.

"मंग आमाले दिल्लीले काऊन नेलं? माझ्या बाजारात माल ओट्यावर उतरवला म्हणून कोणी डफडं वाजवत नाही!"

"बाज़ार में आप मालिक हो, शेठजी," तो शांतपणे म्हणाला. "यहां आप टमाटा हो."

त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी भिंतीवर मारला. त्यानं काही बिघडलं नाही. सोडतीत नाव निघालंच नाही. निवडणूक आली, लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर आमचं विधेयकही गेलं. तेव्हा सचिवानंच सांगितलं की राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, बाकीचे बसून असतात. तिथं मांडलेलं असं मरत नाही. हे त्यानं आधी सांगितलं असतं तर!

मी हैदराबादला राज्यसभेच्या एका सदस्याला धरलं. त्यांना आमच्या मतांची गरज नव्हती. त्यांना आमदार निवडून देतात. माझ्याकडे सौद्याला काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदा नुसते हात जोडले. भला माणूस, मांडलं त्यानं. पण त्याची मुदत संपत आली होती. तो निवृत्त झाला आणि मांडणाराच उरला नाही म्हणून विधेयक यादीतून काढलं गेलं. सभागृह जिवंत राहिलं, आमचं काम नाही.

तोवर मी हे नियम कुणाला विचारावे लागू नयेत इतके शिकलो होतो. पैशाचं विधेयक राज्यसभेला चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. बाकीच्या साध्या विधेयकावरून दोन सभागृहांचं भांडण जुंपलं तर दोघांना एकत्र बसवायची सोय आहे. भांडायला मात्र आधी दोघांनी आमचं नाव तरी काढायला हवं.

भाचीचं वय याच काळात उलटलं. ती आता भैंसा गावच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजते आणि दर रविवारी घरी येते. मागच्या रविवारी ती असतानाच पुढारी दारात आले. नवे खासदार विधेयक पुन्हा मांडणार, शुक्रवारी गॅलरीचे पास मिळणार, असं म्हणाले. आता त्यांना काठीशिवाय चालवत नाही.

"जा न मामा," भाची म्हणाली. "माहं तं झालं. दुसऱ्या कोणाच्या पोरीचं होईन."

"नाही व्हत," म्हणत मी भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवार शोधला.

"मंग काऊन जाता?"

उन्हात उभं राहून पुढाऱ्यांचे पाय थरथरत होते. मी त्यांना आत बसवलं आणि दिल्लीच्या तिकिटाचं विचारायला ओट्यावर बसणाऱ्या माझ्या मुलाला फोन लावला.