चुकलेली चिकोडीची गाडी

देवावर माझा विश्वास होता, माणसांवर नव्हता. हे मला माझ्या पहिल्या मुलीच्या आजारपणात कळलं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. पोरगी सातव्या महिन्यातच जन्मली, महिनाभर बेळगावच्या दवाखान्यात सलाइनवर राहून घरी आली. पंधरा दिवसांत तिचा डावा पाय हलेनासा झाला. गुडघा सुजला, लंगोट बदलला तरी ती किंचाळायची. मी सगळं खापर तिला न्हाऊ घालणाऱ्या गंगाक्कांवर फोडलं. तुम्हीच पाय मुरगाळला म्हणून त्यांना हाकलून दिलं.

चिकोडीला हाड बसवणारा एक जण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायको पोरीला घेऊन स्टँडवर आलो. मी मनात देवीचा धावा करत होतो. गाडी लागली, आणि दारात बघतो तर गंगाक्का! आमचा बेत गल्लीभर झाला होताच. मला लाजही वाटली आणि रागही आला. त्या जागच्या हलेनात.

"अण्णा, मला काय बोलायचं त्ये मागनं बोला. पर ह्यो मुरगळलेला गुडघा न्हवं. हाताला लई गरम लागतोय. कुणाला चोळू दिऊ नका. बेळगावला न्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ बेळगावच्या गाडीत जाऊन बसली.

डॉक्टरांनी सुईने गुडघ्यातून पू काढला. तपासणीत बुरशी निघाली. अशक्त बाळाच्या रक्तात ती शिरते आणि हाडासांध्यात घर करते, असं ते म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर सांधा गेला असता. मग सहा आठवडे, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून तासन्‌तास थेंब थेंब औषध. ते मूत्रपिंडाला जड, म्हणून रोज लघवीवर लक्ष. कागदाआड मला काही दिसत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून पाहायचा माझा हट्ट सोडला. एका सकाळी भुकेने रडता रडता तिने दोन्ही गुडघे पोटाशी घेतले. मी हात जोडले, पण मागायला काही सुचेना.

देवी कुणाच्या रूपाने येते यावर मी वाद घालत नाही. जिला मी हाकललं तीच गाडीच्या दारात उभी राहिली, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढं मला पुरतं.

घरी आल्यावर गंगाक्का पुन्हा पाय पसरून, पोरीला त्यांवर घेऊन न्हाणीत बसल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

"सरका बाजूला अण्णा, पाणी निवायलंय," त्या म्हणाल्या, आणि पोरीचा डावा पाय फाडकन माझ्या कपाळावर बसला.