दोघींत एक कोर्स

अमरावतीत माझा ॲनिमेशनचा क्लास आहे. तिथं आठवड्यातून एखादा बाप तरी पोराला नाहीतर पोरीला पुढं घालून येतो आणि बूड टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, हे व्हिडिओचे महागडे कोर्स येतात न, त्याच्यानं शिकता येते का? घ्यावं का नाई?" मला राग येतो. त्या माणसाचा नाही, प्रश्नाचा. समोरच्याच्या तोंडाकडं पाहून मी घ्या म्हणते किंवा नका घेऊ म्हणते आणि मोकळी होते. खरं उत्तर मला पक्कं माहीत आहे. पण ते द्यायचं तर स्वतःबद्दल बरंच काही सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा आम्ही अकोल्याला राहायचो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. कपाशीनं दगा द्यायची ती वर्षं होती. आमचं शेत नव्हतं, पहिल्या तारखेला पगार यायचा, त्यामुळं घरात कशाची ददात नव्हती. पण बाजारात गेलं की कळायचं. दिवाळीच्या तोंडावर कापडवाले दारात बसून रस्त्याकडं पाहत असायचे. पेपरच्या पहिल्या पानावर रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं तेच ते यायचं. बाबा पेपर वाचून झाला की घडी करून गादीखाली सारायचे, जसं काही आम्ही तो काढून वाचणारच नव्हतो.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, बार्शीटाकळीची. तिचे अब्बा गाद्या आणि रजया भरून द्यायचे. ती रोज जीपमध्ये कोंबून अकोल्याला यायची. आम्ही मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढायचो आणि पानं भराभर सोडून ती हलवायचो. माझी चित्रं हलायची. तिची चालायची. हा फरक मला तेव्हाही दिसत होता, पण मैत्रिणीचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी ते मोकळ्या मनानं करायचे.

मग एका मासिकात ॲनिमेशनच्या व्हिडिओ कोर्सची जाहिरात आली. दहा डीव्हीडींची पेटी, शिकवणारा परदेशातला, नामांकित. किंमत पाहून बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून पाहिली. शेवटी आम्ही दोघींनी निम्मे निम्मे घालायचं ठरवलं. माझे निम्मे बाबांनी दिले. तिनं तिचे निम्मे अख्खा हिवाळा रजयांना टाके घालून जमवले. तिच्या बोटांची टोकं पाहिली की ते कळायचं.

पेटी आली, आम्ही नाचलो, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर कोड टाकला, आणि मग लक्षात आलं की तो कोर्स जन्मभर त्या एकाच कॉम्प्युटरवर चालणार. हे कागदावर लिहिलेलं होतं आणि आम्ही वाचलंही होतं. पण आमच्या गल्लीत एक पेपर चार घरं वाचायची, एका घरची शिडी वर्षभर दुसऱ्याच्या अंगणात असायची. एकीनं घेतलं की दोघींचं झालं, एवढंच आमचं डोकं चाललं. मी कंपनीला फोन केला. पलीकडचा म्हणाला, मशीन बदललं तर कोर्स परत विकत घ्या. मी त्याला दोन-चार शब्द सुनावले. ती बाजूला उभी होती. म्हणाली, "जाऊ दे न. मी येत जाईन. तुयं घर काय लंडनले हाय?"

ती दर रविवारी येऊ लागली. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून आम्ही बसायचो. पडद्यावरचा गोरा मास्तर हातात एक जड गोळा घेऊन वजन शिकवायचा. म्हणायचा, गोळा जड आहे हे गोळ्यावरून कळत नाही, उचलणाऱ्याच्या कंबरेवरून कळतं. त्याचं इंग्रजी मला कळायचं, तिला फारसं नाही. पण मी अर्थ सांगायच्या आधीच ती पेन्सिल धरून बसलेली असायची. लाईट गेली की मी आळस द्यायचे. ती बाबांच्या शाळेतले पाठकोरे कागद घेऊन खिडकीपाशी जायची, काचेवर एकावर एक कागद धरायची आणि खालच्या चित्रावरून वरचं काढायची.

त्या खिडकीत तिनं कापूस वेचणारी बाई काढली. सगळी मिळून सात सेकंदं. सुरुवातीला बाईच्या कमरेची ओटी रिकामी असते आणि बाई तुरुतुरु चालते. ओटी भरत जाते तशी तिची कंबर मागं जाते, पावलं फाकतात. मध्येच ती थांबते, एका हातानं पाठ खाजवते, वैतागून मान झटकते आणि पुढच्या झाडाकडं वळते. बस, एवढंच. मी म्हणाले होते, कापूस तर हलका असतो वं, एवढी कशाला वाकवली? ती वर न पाहता म्हणाली, "एक दिवस वेचून पाह्य, मंग सांगजो हलका का जड."

माझी चित्रंही तीच पाहायची. "तुया माणसात नुसती हवा भरली हाय," म्हणायची. "हाडं टाक त्याच्यात." मला झोंबायचं. पण पुढच्या रविवारपर्यंत मी त्यात थोडी का होईना हाडं टाकलेली असायची. आता इतक्या वर्षांनी कळतं, व्हिडिओत काय कमी असतं ते. तो मास्तर कितीही मोठा असो, तो तुमच्या कागदाकडं पाहत नाही. तुम्ही चुकत राहता आणि तो हसत राहतो. आमच्या कोर्सात पाहणारी ती होती.

सहा डीव्हीडी झाल्या आणि ती यायची थांबली. लागोपाठ दुसरं साल वाईट गेलं होतं. खेड्यांत लग्नं पुढं ढकलली जात होती, मग गाद्या कोण भरून घेणार? अब्बांचं काम बसलं. आणि काय सांगावं, ज्या वर्षी बाकीच्यांच्या पोरींची लग्नं थांबली त्याच वर्षी तिचं उरकलं. तिवस्याचं स्थळ होतं, काही मागत नव्हते. शेवटचं आली तेव्हा कागदांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे तुयापाशीच राहू दे, सासरी कुटं ठेवू? अन् पुढचे धडे मी पाहाले येईन. कोर्स अर्धा माया हाय, ध्यानात ठेवजो."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले होते.

पुढच्या चार डीव्हीडी मी एकटीनं पाहिल्या, दोन-दोनदा. सातवी आणि आठवी तर सोनं होती. माणूस बोलायच्या आधी त्याच्या अंगात काय होतं, डोळे कधी वळतात आणि मान कधी, सगळं इतकं उलगडून सांगितलं होतं की मी दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचे आणि मनात यायचं, हे तिनं पाहायला पाहिजे होतं. मला ते कळत होतं, पण हातात उतरत नव्हतं. माझी माणसं पुन्हा फुगली, आणि सांगायला कुणी नव्हतं.

दीड वर्ष गेलं. पुण्याच्या एका स्टुडिओनं कामाचे नमुने मागवले. माझ्याकडं होतं काय? उड्या मारणारा चेंडू, पिठाचं पोतं आणि दोन-चार फुगीर माणसं. मी तिचा गठ्ठा काढला, झेरॉक्सवाल्याकडं स्कॅन करून घेतला आणि ती सात सेकंदं सगळ्यांत पुढं लावली. मनाला म्हणाले, मुलाखतीत सांगू की हे मैत्रिणीचं आहे. तोंड दाखवायला तर मिळू दे.

मुलाखतीत टेबलापलीकडं तिघं होते. त्यांनी ती बाई तीनदा फिरवून पाहिली. मग त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही विदर्भातल्या ना? तिकडचं सगळं दुःख यात आलंय. हे तुम्हीच केलंय?" ती बाई पाठ खाजवत होती हो. तिला उकाड्याचा आणि किड्यांचा वैताग आला होता, दुसरं काही नव्हतं. मी खाली पाहिलं, डोळ्यांत पाणी आल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हो."

नोकरी लागली. निघायच्या आधी बाबांनी विचारलं, कॉम्प्युटरचं काय करायचं, इथं कुणाला लागतो? तेव्हा एकदा ती आठवली. दीड वर्षात तिचा ना फोन, ना निरोप. सासरी रमली असेल, असं मी ठरवून टाकलं. मीच म्हणाले, विकून टाका. घेणाऱ्यानं नेल्या दिवशी तो पुसून कोरा केला. पेटीतल्या डीव्हीडी नुसत्या चकत्या होऊन माझ्याकडं राहिल्या.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मला एक लठ्ठ सावकार धान्याचं पोतं उचलतो तो प्रसंग दिला. वजनाचं काम हिला द्या, असं मुद्दाम सांगून दिला. मी नऊ वेळा काढला. साहेब रोज यायचे, पाहायचे आणि म्हणायचे, "अहो, त्या बाईसारखं करा ना." दहाव्या वेळी ते आलेच नाहीत. मला रंग भरायला बसवलं. वर्षभर दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरले आणि मग त्यालाही माणसं जास्त झाली म्हणून मला घरी पाठवलं. मी अकोल्याला परत गेले नाही. तिथं सगळ्यांना माझी नोकरी माहीत होती. अमरावतीला आले, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि शिकवायला लागले. शिकवता मला येतं, हे मात्र खरं. त्या दहा डीव्हीडी मला तोंडपाठ आहेत.

आणि एका दुपारी ती क्लासाच्या दारात उभी. अंगानं भरली होती, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर तिवसा ते अमरावतीची धूळ. बाबांकडून पत्ता घेऊन आली होती. मी पाणी दिलं. ती घटाघट प्याली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. नवऱ्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, दुकानात कॉम्प्युटर घेतला होता. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक नसतं. सासूही म्हणाली होती, शीक काय शिकायचं ते. "म्या त्याइले पहिलेच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "का माया अर्धा कोर्स बाकी हाय. तो एका मशीनवरच चालते न, तर आठवड्यातून एकदा मी इथंच यीन. तुले जमन न?"

मी उभीच होते. कॉम्प्युटर विकला, एवढं सांगितलं असतं तर ती रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित हसलीही असती. पण कधी विकला, कशाला विकला, पुण्याची नोकरी कशी लागली, ते सगळं त्याच्या मागोमाग आलं असतं. तिनं विचारलंच असतं, ती सोडणारी नव्हती. मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि उगाच विसळत राहिले.

"काहून, काय झालं?" ती म्हणाली. "पुढचे धडे चांगले नाई काय?"

आणि मी म्हणाले, "नाही वं. पुढं काहीच नाही त्यात. पहिल्या सहात जे होतं तेच फिरवून फिरवून सांगितलं आहे. आपल्याला फसवलं त्यांनी. मी तर तो कॉम्प्युटर कधीचाच काढून टाकला."

इतकं सहज आलं ते तोंडातून. मला वाटलं, ती भांडेल, निदान चकत्या तरी दाखव म्हणेल. पण तिचे खांदे खाली आले. मी रोज पोरांना शिकवते, मनावरचं ओझं उतरलं की आधी खांदे उतरतात. तसेच उतरले.

"बरं झालं बाई, तू सांगतलं," ती म्हणाली. "इतके दिवस मले वाटून राहिलं होतं, का मायं काई मोठं राहून गेलं. स्वयंपाक करता करता मनात ये, का पुढच्या धड्यात काय असन. रडली बी मी एक-दोनदा, तुले काय सांगू. काईच नव्हतं त मंग काईच नाई गेलं." पिशवीतून तिनं माझ्यासाठी आणलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तू त एवढी शिकलेली हायस. तूच सांग, मंग मी आता काय शिकू? कॉम्प्युटर त घेऊन बसलो आमी."

समोरच्या भिंतीला लागून माझे चार कॉम्प्युटर होते. चारही रिकामे होते. मी म्हणाले, टायपिंग शीक, दुकानात कामी पडेल. ती लगेच म्हणाली, हो, शिकतो मी टायपिंग. मी एक कागद घेतला आणि तिला तिवस्यातल्या एका चांगल्या टायपिंग क्लासचा पत्ता लिहून दिला.