मध्यंतराची बायको

त्याला सगळे ‘मध्यंतर’ म्हणत. हातात घेतलेलं कुठलंही काम तो अर्ध्यातच सोडायचा, म्हणून. खरं तर तो पक्का वेल्डर. त्याने केलेला जोड निखळल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण सिनेमा बघून आला की डोक्यात किडा वळवळायला लागलाच म्हणून समजा. एका सिनेमातला पाव भाजणारा म्हातारा आवडला, तर वर्कशॉप सोडून बेकरीत जाऊन राहिला. दुसऱ्या सिनेमापायी मासेमारीच्या बोटीवर गेला आणि ओकून ओकून अर्धा होऊन परतला. वर्कशॉपचा मालक दर वेळी चार शिव्या हासडून त्याला परत कामावर घ्यायचा.

बायको कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. नवीन पोस्टर लागलं की ती थांबून ते नीट निरखायची. यात नायकाचा धंदा काय, याची ती कारखान्यातल्या बायकांकडे आडून आडून चौकशी करायची. तो कारकून निघाला की तिला हायसं वाटायचं.

मग एकदा असाच सिनेमा बघून तो जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’त, फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल फिरवायला शिकायला गेला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी आला. त्या दिवशी तिचा संयम सुटला. “यापुढे थिएटरची पायरी चढलात, तर मी मुलीला घेऊन भावाकडे निघून जाईन.”

त्याने शब्द दिला आणि पाळलाही. पण पाय बरा झाला तरी माणूस काही ताळ्यावर येईना. पोस्टर दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने घरी यायचा. चहा समोर गार होत राहायचा. खिडकी उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. तो घरी आहे तोवर तिलाही चैन पडत नसे. बाहेर असला की घोर जास्तच. शेवटी मुलगीच म्हणाली, “आई, बाबा घरात असतात, पण असल्यासारखे वाटत नाहीत.”

ते तिच्या जिव्हारी लागलं. पुढच्याच सुटीच्या दिवशी तिने स्वतः दोन तिकिटं काढली. नायक कोण, काय करतो, काही विचारलं नाही.

नायक नव्हताच. एक पोक्त बाई होती, एकटी मालाचा ट्रक घेऊन डोंगरातल्या रस्त्यांनी जाणारी. नवरा खुशीत होता, बाहेर आल्यावर भडाभडा बोलत सुटला. ही मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे वळून वळून बघत होती. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. काही नाही, म्हणाली.

पण दुसऱ्या दिवसापासून तिचं शिवणात लक्ष लागेना. एका शर्टाला उलटी बाही लावली. दुपारी गोदामाबाहेर कारखान्याची व्हॅन उभी असायची, तिच्याभोवती ती घुटमळू लागली. आठवड्याभरात ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं आणि मग घरी सांगितलं.

नवऱ्याचा चेहरा पडला. “अगं, पण हातात चांगलं काम आहे. सिनेमा बघून असं कुणी करतं का?”

तिने त्याच्या बऱ्या झालेल्या पायाकडे नुसतं बोट दाखवलं. मग त्यालाच हसू फुटलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

शिकताना तिने एक कुंपण पाडलं, परीक्षेत एकदा नापासही झाली. कारखान्याची व्हॅन मागितली, तेव्हा सुपरवायझरने आधी थट्टेवारी नेलं. पण जुना ड्रायव्हर काम सोडून गेला आणि तिच्या हातात व्हॅनची किल्ली आली. आता ती शर्टांचे गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडते. यायला कधी उशीर होतो. मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी कुणीतरी हवं, म्हणून नवऱ्याने पहाटेची पाळी धरली आहे आणि ती अजून सोडलेली नाही.

सिनेमाला दोघं जोडीने जातात. परवाच्या सिनेमात गरम हवेचा फुगा उडवणारी माणसं होती. परतताना दोघंही आभाळाकडे बघत चालत होती. दारात वाट बघत असलेल्या मुलीने आधी आईचा चेहरा निरखला, मग बाबांचा, आणि विचारलं, “दोघांपैकी कोण?”