खोकल्याची गाडी

माझ्या नणंदेला आम्ही घरात भोंगा म्हणतो. तोंडावर म्हणतो हं, पाठीमागे नाही. बावीस वर्षं बसस्टँडच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, गालात लवंग धरून, "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी" असं दिवसभर माईकवर पुकारणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? घरी मीठ मागितलं तरी गाडी सुटायला आल्यासारखं मागते.

आमचं गाव स्टँडपासून बारा किलोमीटर. कागदावर त्याचं नाव असं झोकदार, की ऐकणाऱ्याला वाटावं तिथे चौकाचौकात कारंजी असतील. आम्ही त्याला खोकला म्हणतो. पूर्वी गावाभोवती चुन्याच्या भट्ट्या होत्या आणि घरटी एक माणूस खोकायचा. माझे सासरे खोकायचे, शाळेतले मास्तर फळ्याकडे तोंड करून खोकायचे. भट्ट्या कधीच बंद झाल्या, नाव राहिलं. खोकल्याची माणसं, खोकल्याची गाडी, खोकल्याची सून, म्हणजे मी. पण हे नाव आमचं आम्ही घ्यायचं. बाहेरच्या कुणी नाक मुरडून घेतलं, तर त्याला आम्ही पाणीसुद्धा विचारत नाही.

तर स्टँडवर नवे साहेब आले. नणंद माईकवर आधी कागदावरचं नाव घ्यायची आणि लगेच जोडायची, "म्हणजे खोकला." साहेबांना ते खुपलं. "बाई, लोक हसतात. शोभत नाही. फक्त कागदावरचं नाव घ्यायचं." चार दिवस तिने ऐकलं. एवढे दिवस ती माझंही कधी ऐकत नाही.

पाचव्या दिवशी केबिनच्या काचेवर टकटक झाली. बाहेर एक म्हातारी, काखेत बोचकं.

"पोरी, आज खोकल्याची गाडी नाही का गं? धाकट्या बहिणीकडे जायचंय. सकाळपासून बसलेय."

तिच्या डोळ्यांसमोरून तीन गाड्या गेल्या होत्या. तिला पाटी वाचता येत नव्हती, आणि कागदावरचं नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

नणंदेने माईक ओढला. "खोकल्याला जाणारी गाडी फलाट पाचवर लागली आहे. खोकला. खोकला!" तिसऱ्यांदा म्हणायची काही गरज नव्हती, हे ती स्वतःच कबूल करते.

साहेबांनी लगेच बोलावलं. "चूक झाली असं लिहून द्या. नाहीतर उद्यापासून माईक बंद, सामानघरात बसायचं."

"चूक झालीच नाही, तर लिहू कशी?"

"अहो, दोन ओळी तर लिहायच्यात!"

तिने लिहिल्या दोन ओळी. 'मी माझ्या गावाचं नाव घेतलं. परत घेईन.' खाली सही, तारखेसकट.

दुसऱ्या दिवसापासून ती सामानघरात. लोकांनी विसरलेल्या छत्र्या, एकेक चप्पल, झाकण नसलेले डबे, आणि त्यांच्यामध्ये आमचा भोंगा. नवरा गेला तेव्हा याच माईकने तिला उभं केलं होतं. घरी येऊन जेवायला बसली आणि मीठ हळूच मागितलं. हळूच! एरवी मीच म्हणते, बाई जरा दमाने बोल.

मग मी काय केलं? चपला घातल्या आणि गल्लीतली दारं ठोठावली. काड्या घालण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

शनिवारी अर्धं गाव स्टँडजवळच्या बाजारात असतं आणि दुपारी दोनच्या गाडीने परततं. त्या शनिवारी आम्ही बत्तीस जण पिशव्या मांडीवर घेऊन पाच नंबरच्या फलाटावर बसलो. माईकवर कारकून होता. त्याने कागदावरचं नाव पुकारलं. कुणी हललं नाही. परत पुकारलं. आमच्या शिंप्याने जांभई दिली.

कंडक्टर उतरला. "अहो काकू, चढा की!"

"आमची गाडी लागली की चढू."

"हीच तुमची गाडी. रोज तर येता!"

"कुणी सांगितलं नाही बाबा अजून."

बत्तीस तिकिटं फलाटावर सोडून रिकामी गाडी न्यायची कंडक्टरची हिंमत होईना. मागे दोन गाड्या अडकल्या, मग चार. हॉर्नने कान किटले. साहेब पळत आले. "मावशी, समोर गाडी उभी आहे, बसत का नाही?"

"कुठे जाते हो ही?" मी अगदी गरीब गाईसारखं विचारलं.

त्यांनी ते कारंज्यांचं नाव घेतलं.

"हे कुठे आलं गं?" पोस्टमनच्या बायकोने मला विचारलं. इतक्या गंभीरपणे, की मला ओठ चावावा लागला.

सातवी गाडी अडकली तेव्हा साहेबांनी सामानघरात माणूस पाठवला. नणंद आली, हातात कुणाची तरी विसरलेली छत्री.

"पुकारा बाई, काय पुकारायचं ते. पण गाडी हलवा."

"तोंडी नको साहेब. लेखी द्या."

"आत्ता? इथे?"

"दोन ओळी तर लिहायच्यात."

त्यांनी कंडक्टरच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं, 'गावातलं प्रचलित नावही पुकारावं.'

तिने वाचलं आणि कागद परत केला. "कुठलं नाव? ते लिहा."

साहेबांनी बत्तीस जणांकडे पाहिलं. मग लिहिलं. खोकला. खाली सही केली, तारखेसकट.

ती केबिनमध्ये गेली, लवंग गालात धरली, घसा साफ केला आणि असं पुकारलं की छपरावरची कबुतरं उडाली. आम्ही उठलो. मला बसायला जागाच मिळाली नाही, बारा किलोमीटर उभी आले, पाय मोडले माझे.

घरी जेवताना तिने मीठ मागितलं. शेजारच्या तीन घरांतून आलं.