डाव्या चाकाचं सील

नाक मुरडणं हा कुणाचा स्वभाव असतो, गॅरेजवाल्या मास्तरांचा तो धंदाच होता. चाळीस वर्षं ट्रकखाली आडवं पडण्यात गेली, पण घाणीची सवय म्हणून काही झाली नाही. जुन्या ग्रीसचा वास आला की "शी!", दुसऱ्या गॅरेजचं काम दिसलं की "शी शी!", आणि गळती थांबवायला कुणी गम फासलेला सापडला तर विचारूच नका, शेजारच्या टायरवाल्याला कान झाकून घ्यावे लागत. अख्खा रस्ता त्यांना नाकमुरडे म्हणायचा. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटे आणि मास्तरही कधी दुरुस्त करत नसत.

गेल्या वर्षभरात मात्र एक गोष्ट झाली होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बोटांच्या शेंड्यांना काही कळेनासं झालं होतं. साखरेचं दुखणं जुनं, त्याचाच हा प्रताप. चिमटीतला नट आहे की निसटला, हे डोळ्यांनी बघावं लागे. गॅरेजातलं सुट्या भागांचं काउंटर त्यांची धाकटी बहीण सांभाळायची. तिला कळलं असतं, तर तिने त्याच दिवशी पान्हा काढून घेऊन त्यांना घरी बसवलं असतं. आणि घरी बसून करायचं काय, भिंतींकडे बघून नाक मुरडायचं?

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खडीचा ट्रक दारात लागला. ड्रायव्हर जुना, मास्तरांच्याच वयाचा. खाली उतरला तो घाम पुसतच.

"मास्तर, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. काल उतारावर समोरून बस येत होती. बोटभर अंतर राहिलं हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

मास्तर पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरची आतली बाजू काळीकुट्ट, मधून कडेकडे गेलेले चिकट ओघळ, त्यावर धूळ बसून झालेला चिखल. बोटावर थोडं घेऊन त्यांनी हुंगलं आणि तोंड असं वाकडं केलं की ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

"शी! जळकं ग्रीस. हबमधलं ग्रीस अडवणारं सील गेलंय. डावा ब्रेक ग्रीसने न्हालाय, तो धरतच नाही. एकटा उजवा धरतो, मग गाडी उजवीकडे जाणार नाहीतर काय!"

जॅक लावला, खाली आधाराच्या घोड्या सरकवल्या. चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. खुळखुळ नव्हती, म्हणजे बेअरिंग शाबूत. चाक काढलं. ड्रमला हात घालताना ड्रायव्हर म्हणाला, "जपून, तापलाय अजून."

"मला शिकवू नका," मास्तर म्हणाले आणि ड्रम ओढून काढला.

आतला प्रकार बघून मळमळायलाच हवं होतं. ब्रेकचे लायनर ग्रीस पिऊन फुगलेले, कोपऱ्यात भुशासारखी काळी भुकटी, त्यात कसले तरी केस, आणि सगळ्यावर तो करपट वास. हब निघाला, मागून सील निघालं. त्याची रबरी कड चिरलेली होती.

"कुणा गाढवाने बसवलं हे?" मास्तरांचा पट्टा सुरू झाला. "याला हातोडा कुणी दिला? याच्या हातात झाडूसुद्धा देऊ नये! माणसाच्या जिवाशी खेळतात मेले!"

ड्रायव्हर चपलेने जमीन उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्हीच बसवलंय. तीन महिने झाले. त्याच्या आधीचंही तुमचंच."

काउंटरवर बहिणीची वही मिटल्याचा आवाज आला. मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

आता थट्टा संपली. त्यांनी सील उलटसुलट करून बघितलं. तिरकं बसलेलं नव्हतं. तोंड बरोबर आत होतं. माप बरोबर. नवं सील तीन महिन्यांत चिरतं, ते दोनदा, म्हणजे दोष सीलचा नाही. ज्या दांड्यावर त्याची कड घासते त्या दांड्याचा. तिथे झिजून खाच पडली असेल तर सोन्याचं सील बसवा, गळणारच. हे ओळखायची रीत एकच: दांडा पुसायचा आणि नख आडवं फिरवायचं. खाच केसाएवढी असली तरी नख अडकतं.

त्यांनी दांडा पुसला. नख फिरवलं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. मागे दोन्ही वेळा असंच फिरवलं होतं आणि असंच काही लागलं नव्हतं. पोलाद उन्हात चकाकत होतं, डोळ्यांना काही समजेना.

"कसा आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"गुळगुळीत."

बोलून गेले खरे. बहीण फोनवर होती तेव्हा काउंटरवरून गमची एक ट्यूब उचलून त्यांनी खिशात टाकली. मागून जरा फासला तर महिना-दोन महिने ग्रीस बाहेर दिसणार नाही. तोवर बघू.

"तुम्ही हात फिरवलात ना?" ड्रायव्हर म्हणाला. "मग झालं. मी नाही घाबरत आता. उद्या पुन्हा तोच उतार."

मास्तरांचा हात खिशातल्या ट्यूबवर गेला. चाळीस वर्षांत किती घाण बघितली, पण स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती. या माणसाला त्या बससमोर आपण नेऊन उभं केलं, आणि वर आता गम फासायला निघालो! त्यांनी ट्यूब काढली आणि जळक्या तेलाच्या पिंपात भिरकावली.

"ए," त्यांनी बहिणीला हाक मारली, "इकडे ये. नख फिरव यावर."

ती चपापली. कामाला हात लावू देणं दादाच्या स्वभावातच नव्हतं. तिने पदर खोचला, वाकली, नख फिरवलं.

"अडकतंय की, दादा. इथे. आणि हे बघ, इथेही. दोन खाचा आहेत."

"दोन?"

"आंधळ्यालाही लागतील. तुला कशा नाही..." ती थांबली. त्यांचा हात तिने ओढून घेतला. दोन बोटांवर टपोरे फोड आले होते. "हे कधी भाजलं?"

मास्तरांनी बोटांकडे बघितलं. त्यांनाही आत्ताच दिसत होते.

"मला काही लागत नाही गं," ते म्हणाले. "वर्ष होत आलं."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने बोटांना मलम लावलं, कपाटातून खाचांवर चढवायचं पातळ पोलादी कडं आणलं, नवं सील आणलं, दोन्ही चाकांचे नवे लायनर काढले. मास्तर खोक्यावर बसून सांगत गेले. ठोकणं, पुसणं, आवळणं तिने केलं. सील फळीवरून चारही बाजूंनी हलकेच ठोकत तिने इतकं सरळ बसवलं की मास्तरांना नावं ठेवायला जागा मिळाली नाही. शोधली त्यांनी, खोटं कशाला बोला.

दुपारी तीन वाजता ड्रायव्हरने ट्रक मोकळ्या रस्त्यावर नेऊन ब्रेक मारून बघितला. नाकासमोर सरळ थांबला.

ड्रायव्हर परत आला, इंजिन चालूच ठेवून खिडकीतून वाकला. मास्तर पुढे झाले, खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

ड्रायव्हरने त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, काउंटरकडे बघून विचारलं, "ताई, जाऊ ना उतारावरून?"