हरेशच्या आभाराचा फ्लेक्स

चहा ओता, सांगतो. पण हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण मधे एक जागा अशी आहे की तिथे हसलात तर मला वाईट वाटेल. माझी अब्रू म्हणाल तर ती सारसोळ्यात आधीच गेली. नेरूळमध्ये थोडी शिल्लक होती, ती आता तुमच्यासमोर घालवतो.

हरेश माझा मित्र. नेरूळच्या खाडीकाठच्या सारसोळे गावचा, कोळ्याचा पोर. वडील होडी घेऊन खाडीत जायचे, हा टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. आमच्या ऑफिसला त्याची गाडी लागली आणि ओळख झाली. आणि मी कोण? मी आयटीतला थोर पुरुष. पुढे पोट, पाठीवर लॅपटॉप. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेलो तर बायकोला व्हॉट्सॲपवर कळवणारा.

अशा माणसाला हरेशनं वर्षभर डोंगरावर फिरवलं! तो, मी आणि आमच्याच सोसायटीतले दोघं. राजमाची झाला, माहुली झाला, कर्नाळा तर नाश्त्याला जावं तसा झाला. माझी बॅग त्याच्या पाठीवर, माझं पाणी त्याच्या बॅगेत आणि फोटोत सगळ्यांच्या पुढे मी. साहसी माणूस म्हणतात तो हाच.

कलावंतीण दुर्गाच्या कड्यातल्या पायऱ्यांवर मात्र माझं साहस संपलं.  वर जाववेना, खाली बघवेना. हरेश शेजारी येऊन बसला आणि खाडीत पूर्वी किती मोठी कोळंबी मिळायची ते सांगत राहिला. मला कळायच्या आत माझा पट्टा धरून त्यानं मला एकेक पायरी खाली उतरवलं. घरी कुणाला बोलला नाही. खरं सांगतो, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. ऑफिसात रोज मला भेटणारी माणसं आहेत, पण मित्र म्हणावा असा हा एकच.

तर वर्ष संपताना मी ठरवलं, आभार मानायचे. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हात जोडले असते, बिर्याणी खाऊ घातली असती. पण मी डिझाईनचा ऑनलाइन कोर्स केलेला होता ना! मी ठरवलं, हरेशच्या गावात, त्याच्या नाक्यावर, त्याचा फ्लेक्स लावायचा.

सारसोळ्यातले फ्लेक्स तुम्ही पाहिलेत ना? वाढदिवसाचा असो, हळदीचा असो, जावळाचा असो. मधे उत्सवमूर्ती गॉगल लावून, गळ्यात साखळी, मागे वाघ, आणि खाली चाळीस शुभेच्छुक दाटीवाटीनं. मी नाक मुरडलं. म्हटलं, या लोकांना जरा टेस्ट दाखवू.

मी फ्लेक्स केला साधा. शांत. पांढरी पार्श्वभूमी. माहुलीच्या माथ्यावर आभाळाकडे बघत असलेला हरेश, काळा-पांढरा. कोपऱ्यात उडून जाणारे दोन पक्षी. आणि खाली अगदी मनापासून लिहिलं, ‘हरेश, तू आम्हाला वाट दाखवलीस. तुझे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. तुझे मित्र.’

फ्लेक्सवाल्यानं स्क्रीन बघितला आणि मला बसायला खुर्ची दिली.

“कलर नको का साहेब?”

“नको. काळा-पांढराच. त्यात एक खोली असते.”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हिंमत ठेवा,” म्हणाला. मला वाटलं, नवीन डिझाईन करायला हिंमत लागते, हे या माणसाला कळतंय. नाक्यावर फ्लेक्स बांधणाऱ्यानं तर चप्पल काढून नमस्कार केला. बघा, चांगल्या कामाला लोक दाद देतात की नाही?

तो रविवार होता. वर्षातल्या शेवटच्या ट्रेकला तिघं आदल्या दिवशीच गेले होते. माझा गुडघा सुजला म्हणून मी घरी. जिथे गेले तिथे फोनला रेंज नाही. संध्याकाळी परत येताना हरेशला नाक्यावर एकदम सरप्राइज! मी पोहे खाल्ले आणि समाधानानं आडवा झालो.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. माझा नंबर फ्लेक्सवाल्यानं दिला असणार.

“हरेशचा दोस्त का? नाक्याव त्यो फ्लेक्स तुमीच लावलाव?”

“मीच!”

“आमाला तं खरा नाय वाटत.”

“मलाही वाटलं नव्हतं इतकं छान होईल.”

 मग एकदम दबक्या आवाजात, “पन झाला कसा? संगती कोन व्हता?”

“कुणी नाही हो. सगळं मी एकट्यानं केलं. हरेशला पत्तासुद्धा लागू दिला नाही!”

फोन कट. मी बायकोला म्हटलं, “स्वाती, गाव भारावून गेलंय.”

आता भारावलेलं गाव बघायला नको? वाटेत पेढे घेतले, अर्धा किलो. लंगडत लंगडत पोचलो तर नाक्यावर सामसूम. मासळीच्या टोपल्या झाकलेल्या. हरेशच्या दारात खुर्च्या मांडलेल्या आणि पन्नासेक माणसं. माझ्या एका फ्लेक्सला एवढी गर्दी! उलव्याहून त्याची आत्या टेम्पो भरून माणसं घेऊन आली होती. मला भरून आलं. मी बॉक्स उघडला आणि पहिल्याच म्हाताऱ्यापुढे धरला.

“घ्या काका, तोंड गोड करा.”

म्हाताऱ्यानं पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आतून हरेशच्या आईचा आवाज आला. “माजा पोर गेला न तू पेढं वाटतंस?”

तेव्हा, मित्रहो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावात फ्लेक्स काळा-पांढरा होतो तो एकाच कारणासाठी. शेंबड्या पोरालाही कळतं ते. कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, एवढंच.

“मावशी, अहो, हरेश जिवंत आहे! डोंगरावर आहे. मजेत आहे!”

“मंग फोन लाव त्याला.”

लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्याला लावला, बाहेर. तिसरा तर बंदच.

“फ्लेक्स कनी लावला मंग?” आत्या पुढे आली.

“मी. आभार मानायला.”

“जित्या मानसाचा आभार? काला-पांढरा?”

यावर उत्तर असेल तर तुम्ही द्या. मावशी भिंतीला टेकून दरवाजाकडे बघत बसल्या. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होतो, आणि प्रत्येक वेळी फोनमधली ती बाई शांतपणे बाहेर, बाहेर सांगत होती. ती हसू नका म्हटलेली जागा हीच. कारण हळूहळू मलाही वाटायला लागलं, खरंच काही झालं असलं तर? वर कडा आहे, निसरडं आहे. माझा पट्टा धरायला तो होता, त्याचा कोण धरणार?  पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन मी त्या पन्नास माणसांत बसून चक्क रडलो.

ऊन उतरता उतरता गाडीचा आवाज आला. हरेश उतरला. आलाही मागच्या गल्लीनं, म्हणजे नाक्यावरचा फ्लेक्स बघितलाच नाही. दारात खुर्च्या, बायका रडतायत, आत्या उलव्याहून आलेली. त्याचा चेहरा पडला.

“आय! आयला काय झाला?” तो ओरडत आत धावला.

आणि आतून मावशी धावत बाहेर. दोघं उंबऱ्यातच एकमेकांवर आदळले. ती त्याच्या गळ्यात पडून रडते, तो तिच्या. आपापल्या परीनं दोघंही मेलेल्या माणसाला भेटत होते.

रडून झाल्यावर मावशींनी दारातली चप्पल उचलली. पहिली हरेशला बसली, फोन न लागल्याबद्दल. बाकीच्या सगळ्या मला.

“ऱ्हाव दे गो,” शेवटी आत्यानं त्यांचा हात धरला. “खोटी बातमी उठली का मानसाचा आयुष्य वाढतं. पोर शंभरी गाठल बग.”

एवढं म्हटल्याबरोबर वातावरण सैल झालं. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फिरवला. मघाच्या म्हाताऱ्यानं दोन उचलले आणि माझ्या कानाशी आला.

“माजा पन एक लाव ना फ्लेक्स. दमा हाय रे मला.”

हरेश मात्र नाक्यावर जाऊन फ्लेक्स बघून आला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.  म्हटलं, गेली मैत्री. वर्षभराचे डोंगर गेले.

“लिवलंस ता खरा हाय?” त्यानं विचारलं.

“खरं आहे रे. एकूण एक शब्द.”

“मंग तोंडावर बोलायचा ना येड्या,” तो म्हणाला आणि डोळे पुसायला नकोत म्हणून नाक ओढत तिकडे बघत उभा राहिला.

आता प्रश्न होता मावशींचा. त्या पोराला पुन्हा डोंगरावर जाऊ देतील?  मावशींनी पदर खोचला आणि निकाल दिला.

“जायचा तं खुशाल जा. पन ह्याला घरान ठेवून जायचा नाय. यो मागं ऱ्हायला का इचार करतं, आन इचार केला का फ्लेक्स लावतं.”

पुढच्याच रविवारी पहाटे बेल वाजली. दारात हरेश, खाली गाडी चालू. माझा गुडघा अजून नारळाएवढा. मी पांघरुणातूनच स्वातीला म्हटलं, “सांग ना गं त्याला, मला चढवणार नाही.”

तिनं माझे बूट आणून पलंगाशी ठेवले.

“मावशींचा फोन येऊन गेलाय. म्हणाल्या, चढवत नसेल तर खांद्यावर न्या, वर सावलीत बसवून ठेवा, पण गावात मोकळा सोडू नका.”